आठवणीतले गाव आणि गावकुसाबाहेरचा इतिहास

परदेशात स्थायिक झालेला मराठी माणूस गावाविषयी बोलू लागला की ते गाव बहुधा ठरलेले असते. मोठा वाडा, वाड्यापुढे ओटा, ओट्यावर पान खात बसलेले आजोबा, परसात विहीर, पहाटेची काकड आरती, चुलीवरची भाकरी. बारा बलुतेदार आपापले काम बिनतक्रार करत आहेत, कुणाचे कुणाशी वैर नाही, दाराला कुलूप नाही. न्यू जर्सीत असो की लंडनमध्ये, मंडळाच्या गणेशोत्सवात, दिवाळी अंकात, स्मरणिकेत हेच गाव पुन्हा पुन्हा भेटते. या गावाला वेस असते, वेशीबाहेर मात्र काहीच नसते. महारवाडा नाही, मांगवाडा नाही, भिलाटी नाही. ज्यांनी त्या वाड्यासाठी माती वाहिली, मेलेली ढोरे ओढली, रात्रीची गस्त घातली, ती माणसे या आठवणीतून गाळली गेली आहेत.

आठवण ही ज्याची त्याची खासगी गोष्ट, असे म्हणून आपण हा विषय सोडून दिला असता. पण ती खासगी राहत नाही. हीच आठवण पुढे 'आपली संस्कृती' होते, पाठ्यपुस्तकात शिरू पाहते आणि कायद्याच्या चर्चेत पुरावा म्हणून उभी राहते. म्हणून तिचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हे सुंदर गाव दूर गेलेल्यांनी दुरून घडवले आहे आणि परत आल्यावर दार उघडेच मिळेल याची ज्यांना खात्री होती, त्यांनीच ते घडवले आहे. परदेशातून परतलेल्या बाबासाहेबांना ते दार उघडे मिळाले नाही. म्हणून त्यांनी गावाचे गोडवे गायले नाहीत, गावाचा हिशेब मांडला.

आखाजी एक, अर्थ दोन

सुरुवात आपल्याच भागापासून करू. नरडाणा हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले गाव. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर इथे स्टेशन आहे, औद्योगिक वसाहत आहे, बोरविहीर-नरडाणा या नव्या लोहमार्गाने ते धुळ्याशी जोडले जायचे आहे. अशा ठिकाणाहून माणसे बाहेर पडणारच. खानदेशातून पिढ्यान् पिढ्या माणसे सुरतेला गेली. उधना, लिंबायत या भागांत आजही अहिराणी ऐकू येते. कुणी कापड गिरणीत लागला, कुणी मागावर, कुणी हमालीत. पुढच्या पिढीतले काही पुण्याला गेले आणि थोडे परदेशात पोचले.

या बाहेर गेलेल्यांना गावाची आठवण सगळ्यात जास्त कधी येते? आखाजीला. अक्षय तृतीयेला आपण खानदेशात आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. सुंदर सण आहे, यात वाद नाही.

पण खानदेशात त्याच आखाजीला आणखी एक व्यवहार होत आला आहे. सालदाराचे साल ठरते. भूमिहीन माणूस वर्षभरासाठी एका शेतमालकाकडे बांधला जातो. ठरलेली रक्कम, थोडे धान्य, आणि त्यातलीही बरीचशी उचल आधीच घेतलेली. म्हणजे वर्ष सुरू होण्याआधीच त्या वर्षाची कमाई संपलेली. पहाटे गोठ्यापासून रात्री पिकाच्या राखणीपर्यंत त्याचा दिवस त्याचा नसतो. हे सालदार कोणत्या वस्तीतून येत आले हे नरडाण्याच्या परिसरात कुणालाही विचारा. भिलाटी आणि बौद्धवाडा यांच्याकडे तो बोट दाखवील.

एकाच दिवशी, एकाच गावात, एकाच्या मुली झोक्यावर बसतात आणि दुसऱ्याचे वर्ष विकले जाते. परदेशातल्या आठवणीत झोका पोचला, सालदार का पोचला नाही? त्याचे कारण शोधायचे तर आठवण सांगणारा कोण आहे हे आधी पाहिले पाहिजे.

परदेशात कोण पोचले?

अमेरिकेचे दरवाजे आशियातल्या शिकलेल्या माणसांसाठी मोठ्या प्रमाणावर उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक यांना प्राधान्य मिळाले. आता विचार करा, १९६५ साली आपल्या देशात इंग्रजी शिकलेले, इंजिनिअरिंगची पदवी हातात असलेले, विमानाचे तिकीट काढण्याइतके पाठबळ असलेले कोण होते? ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या शिक्षण होते तेच. दलितांची पहिली मोठी शिकलेली पिढी तेव्हा कुठे मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालयांतून बाहेर पडू लागली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या एका अभ्यासाचा आकडा नेहमी सांगितला जातो : अमेरिकेतल्या भारतीय स्थलांतरितांत दलित आणि इतर खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक अवघे दीड टक्का होते.

म्हणजे 'भारतीय परदेशस्थांची आठवण' म्हणून जगासमोर जे मांडले जाते ती एका ठरावीक थराची आठवण आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ओट्यावरून जेवढे दिसते तेवढे तिच्यात खरे आहे. अडचण एवढीच की ओट्यावरून गावकुसाबाहेरचे दिसत नाही.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक उदाहरण आठवेल. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्या कामाच्या टिपणांना आग लागली आणि मग त्यांनी बरेचसे आठवणीवर विसंबून 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक लिहिले. १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गाजलेले पुस्तक आहे. पण श्रीनिवास प्रामाणिक होते. आपण ब्राह्मण आहोत, गावच्या पाटलाच्या आश्रयाने राहिलो, त्यामुळे दलित वस्तीत मोकळेपणाने वावरता आले नाही, हे त्यांनी लपवले नाही. मोठ्या अभ्यासकाला जी मर्यादा कबूल करावीशी वाटली, ती स्मरणिकेत लेख लिहिणाऱ्यांना जाणवतही नाही.

आदर्श गाव जहाजावर लिहिले गेले

या सुंदर गावाची कल्पना आजची नाही. तिचा एक जुना कर्ता इंग्रज होता. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये लिहून ठेवले की भारतातली खेडी म्हणजे जणू छोटी छोटी गणराज्ये आहेत, राजे येतात-जातात, खेडी टिकून राहतात. साहेबाने खेडे महसुलाच्या चौकटीतून पाहिले होते. वसूल नीट येतो म्हणजे गाव नीट चालते, हा त्याचा हिशेब. वेठबिगार कोण करतो, पाणी कोणाला मिळते, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते. पण हे कौतुक आपल्याकडच्या सवर्ण सुशिक्षितांनी मनापासून उचलले.

दुसरे आणि जास्त महत्त्वाचे उदाहरण मोहनदास गांधींचे. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि मधला थोडा काळ सोडला तर १९१४ पर्यंत तिथेच राहिले. 'हिंद स्वराज्य' हे त्यांचे पुस्तक १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर दहा दिवसांत लिहून झाले. हजारो वर्षांपूर्वीचा नांगर, त्याच झोपड्या, प्रत्येकाने आपापला वाडवडिलांचा धंदा करणे, यात त्यांना पूर्वजांचे शहाणपण दिसले. जो हे लिहीत होता तो दिवाणाचा मुलगा होता, पोरबंदर आणि राजकोटसारख्या संस्थानी शहरांत वाढला होता, लंडनमध्ये बॅरिस्टर झाला होता. भारतातल्या खेड्यात तो तोपर्यंत कधी मुक्कामाने राहिलाच नव्हता. परदेशात राहणाऱ्याने न पाहिलेल्या गावाची ओढ लावून घ्यावी आणि पुढे तोच देशाचा कार्यक्रम व्हावा, असे हे उदाहरण आहे.

'वाडवडिलांचा धंदा' हे शब्द सुताराच्या, सोनाराच्या कानाला कसे लागतील ते त्यांनी सांगावे. मेलेले ढोर ओढणाऱ्याच्या आणि मैला उचलणाऱ्याच्या कानाला ते जन्मठेपेसारखे लागतात.

गांधी पुढे सेवाग्रामला राहायला गेले हे खरे. पण ५ ऑक्टोबर १९४५ रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच सांगून टाकले की आपण आजच्या खेड्याविषयी बोलत नसून आपले आदर्श खेडे अजून आपल्या कल्पनेतच आहे. ज्यांच्या नावाने ग्रामराज्याचा जप चालतो त्यांचीच ही कबुली आहे. ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी.

परत आलेला दुसरा माणूस

आता परदेशातून परतलेल्या दुसऱ्या माणसाकडे वळू. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. त्या दिवसांविषयी त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहिले आहे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती एका प्रश्नाने परत आली : जायचे कुठे? कोण आपल्याला ठेवून घेईल?

हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळच्या आत खोली खाली कर. दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. शेवटी कोलंबियाचा हा पदवीधर एका सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

परदेशस्थाची गावओढ म्हणजे काय, हे या प्रसंगाशेजारी ठेवून पाहा. ज्याला घराची आठवण येते त्याच्या मनात एक दार असते आणि ते दार आपल्यासाठी उघडेल ही खात्री असते. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, लंडनमध्ये मिळाली, मायदेशात मात्र मिळाली नाही. मायदेश या शब्दातली 'माय' प्रत्येक लेकराला सारखी भेटत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

खानदेशाची साक्ष : चाळीसगाव, फैजपूर, लळिंग

या दोन गावांमधला सामना आपल्या खानदेशाच्या मातीवरच झाला आहे. आपल्या तरुणांना ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे.

१९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे लोहमार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची चौकशी करायची होती. हा बहिष्कारही त्याच 'गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या' गावगाड्याचा भाग होता. गावाने दळण बंद करायचे, दुकान बंद करायचे, मजुरी बंद करायची आणि माणसाला गुडघ्यावर आणायचे, हेच त्याचे काम.

तिथून चाळीसगावला परतल्यावर आपले लोक स्टेशनवर हार घेऊन उभे होते. महारवाडा दोनेक मैलांवर, वाटेत नदी. स्टेशनबाहेर टांगे होते, पण एकही टांगेवाला अस्पृश्य बॅरिस्टरला घेऊन जायला तयार नव्हता. आपला पाहुणा पायी जावा हे आपल्या लोकांना सहन होईना. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, हाकायला टांगेवाला येणार नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. पायाचे हाड मोडले.

बाबासाहेबांनी या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष विसरू नका. टांगेवाला स्वतः गरीब, हलके काम करणारा. तरीही जातीमुळे त्याला वाटत होते की बॅरिस्टर असला तरी हा माणूस आपल्यापेक्षा खालचा. गावगाडा केवळ पाटलाच्या वाड्यातून चालत नाही. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी देऊन तो चालतो. म्हणूनच वाड्यातल्यालाच नव्हे, मधल्या थरातल्यालाही गाव गोड वाटते.

सात वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, याच खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन आणि कल्पना गांधींची. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूंच्या कामातून नगर सजवले, खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन भरले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर तिथे ठराव झाले, त्यांचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बांबूचे ते सुंदर गाव चार दिवसांसाठी उभे राहिले आणि उतरवले गेले. त्या गावाला गावकूस नव्हते, म्हणून गावकुसाबाहेरही कुणी नव्हते. आणि ज्या खऱ्या चाळीसगावात सात वर्षांपूर्वी टांगा मिळाला नव्हता, ते याच खानदेशात होते.

त्याच १९३६ सालात बाबासाहेब काय करत होते? येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ला झाली होती. मे १९३६ मध्ये त्यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतःच्या खर्चाने छापले, कारण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला ते भाषण झेपले नव्हते. त्याच महिन्याअखेर मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी मुक्तीचा मार्ग मांडला. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एकीकडे गाव सजवणे चालले होते, दुसरीकडे गावाच्या बेड्या तोडणे. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ ला, न्यायालयाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांनी मुक्काम केला. आजही दर ३१ जुलैला आपले लोक तिथे जमतात. फैजपूरच्या बांबूच्या नगराचे आज काही उरले नाही, लळिंगची वाट मात्र दरवर्षी भरून जाते.

हिशेब कागदावर आला

बाबासाहेबांची गावावरची टीका रागातून आली होती असे सांगणारे पुष्कळ भेटतात. राग होताच, पण त्याला कागदपत्रांचा आधार होता. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, कारण महार वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सगळ्या घराण्याची अहोरात्र राबणूक. ही कनिष्ठ वतने रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी बजावले की दलितांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायतींच्या हाती सत्ता देणे म्हणजे त्यांना अन्याय करणाऱ्यांच्याच हवाली करणे.

आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी मेटकाफच्या त्या गणराज्यांचा थेट समाचार घेतला. घटनेने गावाला पाया मानले नाही अशी तक्रार होती. बाबासाहेबांनी ठणकावले की या ग्रामगणराज्यांनीच देशाचा घात केला आहे. संकुचित वृत्ती, अज्ञान आणि जातीय भावना यांनी ती भरली आहेत. मसुद्याने गाव टाकून देऊन व्यक्तीला एकक मानले याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. घटनेने गावाऐवजी माणूस मोजला. गावात माणूस जातीने मोजला जातो, मतपेटीत एक माणूस एक मत म्हणून. गावगोडवे गाणाऱ्यांना जे बोचते ते हेच.

पुढे पंचायतींचे कलम घटनेत आले, ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. म्हणजे १९३२ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेली अट साठ वर्षांनी देशाला मान्य करावी लागली. आज खानदेशातल्या एखाद्या गावात भिल्ल समाजाची बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसते ती कायद्यामुळे. कुणाच्या रम्य आठवणीने तिला ती खुर्ची दिलेली नाही.

गाव कोणते? आडनाव काय?

आता परत परदेशाकडे. ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी कोलंबियात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या एका इशाऱ्याचा दाखला दिला. हेच केतकर पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्यांनी जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. इशारा असा की हिंदू जगात जिथे जातील तिथे जात जाईल आणि मग ती जगाची समस्या होईल. केतकर जन्माने ब्राह्मण, बाबासाहेब महार. दोघे अमेरिकेत शिकले आणि दोघांनी डोळे उघडे ठेवले. म्हणजे परदेशात गेल्यावर गाव गोडच दिसले पाहिजे असा काही नियम नाही.

शंभर वर्षांनी काय घडले? २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरशी भेदभाव झाल्याचा दावा लावला. दोन व्यवस्थापकांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला, पण अमेरिकेतल्या कार्यालयातली जात तेव्हापासून झाकता आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण आधीचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवले. त्याआधी, २००५-०६ च्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या शालेय पुस्तकांतले जातीविषयीचे उल्लेख सौम्य करण्यासाठी काही परदेशस्थ संघटनांनी खटपट केली होती.

या विरोधातला एक आवडता युक्तिवाद नीट ऐका : जात जुनी झाली, आमच्या गावात तर सगळे प्रेमाने राहत होते, तुम्ही इथे भांडणे लावता. बघा, ती रम्य आठवण इथे कामाला आली. दिवाणखान्यातली आठवण सुनावणीत साक्षीदार झाली.

आणि परदेशात पोचलेल्या आपल्या मुलाचे काय होते? नवी ओळख झाली की मराठी माणूस प्रेमाने विचारतो : गाव कोणते? मग : आडनाव काय? मग : गावात घर कुठे, देवळाजवळ का? विचारणाऱ्याला वाटते आपण आपुलकी दाखवली. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला माहीत असते की तिसऱ्या उत्तराला आपली वस्ती उघडी पडणार. मग तो विषय बदलतो. ज्याला गाव मिरवता येते त्याची ती ओढ, आणि ज्याला गाव लपवावे लागते त्याचे काय? त्या दुःखाला आपल्या भाषेत अजून गोंडस शब्द सापडलेला नाही.

म्हणूनच आपल्या माणसांनी परदेशात वेगळी उभारणी केली. लंडनमधले बाबासाहेबांचे वास्तव्य असलेले घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, त्यामागे तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांचा पाठपुरावा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात बाबासाहेबांचा १९ फुटी समतेचा पुतळा उभा राहिला. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. खानदेशाच्या मातीतले हात आणि परदेशातल्या आंबेडकरी माणसांची वर्गणी यांनी मायदेशाची जी आठवण तिथे उभी केली, तिच्यात कुणालाही गाळावे लागले नाही.

मग आपण गाव विसरायचे का?

हा प्रश्न तरुण आम्हाला नेहमी विचारतात. आपल्यालाही गावाची आठवण येते, मग ती चुकीची का? नाही. आपली आई तिथे राबली, आपली अहिराणी तिथली, कळण्याच्या भाकरीची चव तिथली. गाव त्यांच्या बापाचे होते तेवढेच आपल्याही बापाचे होते, उलट घाम आपल्या बापाचा जास्त जिरला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही पुस्तके गावाच्या आठवणींचीच आहेत. त्यांत माया आहे, हसू आहे, आजी आहे, आणि उकिरडाही आहे. त्यांनी गाव गाळून सांगितले नाही, पुरे सांगितले. म्हणून मराठीत गावाचा खरा इतिहास लिहायला कुणी बसला तर त्याला आधी या पुस्तकांकडेच यावे लागेल.

आपण करायचे ते काम आठवणीला आठवणीने उत्तर देण्याचे नाही, नोंदीने उत्तर देण्याचे आहे. सुरतेला, पुण्याला, परदेशात असलेल्या प्रत्येकाने सुट्टीत गावी आल्यावर आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि विचारावे. आपल्याकडे वतनाची जमीन होती का, ती कुठे होती आणि आज सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे? गावच्या विहिरीवर आपल्या बाईने पहिल्यांदा घागर कधी बुडवली? शेवटचे ढोर कुणी ओढले आणि नकार पहिल्यांदा कुणी दिला? १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात आपल्या गावातून कोण तुरुंगात गेले? आखाजीला साल कितीला ठरत होते आणि उचल फिटायला किती वर्षे लागली? हे सगळे वहीत उतरवा, आवाज टिपून ठेवा, तारखा आणि नावे लावा. ती पिढी झपाट्याने चालली आहे. ती गेली की वाड्याच्या ओट्यावरची आठवण तेवढी उरेल आणि तीच इतिहास म्हणून आपल्या नातवंडांना शिकवली जाईल.

आणि जे गावातच आहेत त्यांनी ग्रामसभा चुकवू नये. गावात राहणाऱ्याला रम्य आठवणींचा काही उपयोग नाही. त्याला रस्ता हवा, पाणी हवे, स्मशानभूमी हवी, रोजगार हमीचे काम हवे. ते मिळवण्याचे साधन बाबासाहेबांनी हातात दिले आहे.

गाव जेव्हा गावकुसाशिवाय उभे राहील तेव्हा त्याची ओढ आपण सगळे मिळून धरू. तोपर्यंत गोडवे त्यांनी गावेत, आपण नोंदी ठेवू.

जय भीम! नमो बुद्धाय!